२६२वा माणूस आणि तीन वर्षांचं भांडवल

या आठवड्याच्या व्हिडिओत "दुकानाचा मुख्य माणूस कसा निवडायचा" यावर बोलताना मी मध्येच अमेरिकेतल्या एका फुटबॉल टीमचं उदाहरण दिलं आणि दोन मिनिटांत उरकलं. ते उदाहरण दोन मिनिटांत मावणारं नव्हतं. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. चहा घेऊन बसा.

आधी खेळ थोडक्यात. अमेरिकन फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. एका बाजूला ११ जण. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. जमलं तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही जमलं तर चेंडू समोरच्याकडे. जवळजवळ प्रत्येक प्रयत्नात चेंडू सगळ्यात आधी ज्याच्या हातात येतो तो क्वार्टरबॅक. समोरून शंभर-सव्वाशे किलोची माणसं अंगावर धावून येत असतात आणि दोन-तीन सेकंदांत याने ठरवायचं, फेकू, दुसऱ्याच्या हातात देऊ, का स्वतः पळू. टीममध्ये ५३ खेळाडू असले तरी हा एक माणूस ढिला पडला की बाकीच्यांची मेहनत पाण्यात. गर्दीच्या वेळी काउंटरवर उभा असतो ना, गिऱ्हाईकही तोच सांभाळतो आणि भावही तोच ठरवतो, तसा माणूस समजा.

दोन नियम मात्र नीट समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. एक, प्रत्येक टीमला पगारावर सारखीच कमाल मर्यादा. मालक कितीही श्रीमंत असो, २०२३ साली एका टीमचा पगाराचा हिशोब २२.४८ कोटी डॉलरच्या आतच बसवायचा होता. दोन, कॉलेजातून येणारी नवी पोरं "ड्राफ्ट"मधून निवडली जातात, आणि आदल्या वर्षी जी टीम सगळ्यात वाईट खेळली तिचा नंबर साधारणपणे पहिला. हे निवडीचे हक्क टीम एकमेकींना विकू शकतात, अगदी पुढच्या वर्षांचेसुद्धा. म्हणजे निवडीचा हक्क हे भांडवलच. खर्च केलं की संपलं.

आता आपली टीम. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स. १८४९ साली सोन्याच्या मागे कॅलिफोर्नियात धावलेल्या लोकांवरून हे नाव पडलं. मैदान सांता क्लारात, आपल्याकडची भरपूर इंजिनियर पोरं राहतात त्याच पट्ट्यात. जानेवारी १९८२ ते जानेवारी १९९५ या काळात या टीमने पाच वेळा सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, जिंकला. त्यानंतर एकदाही नाही. आणि टीम रद्दड होती म्हणून नाही. २०१२ ते २०२४ या काळात ही टीम सात वेळा शेवटच्या चारांत पोचली. सातही वेळा रिकाम्या हाताने घरी. चार वेळा उपांत्य फेरीत, तीन वेळा थेट अंतिम सामन्यात.

लोक म्हणतात नशीब. थोडं आहेच. पण क्वार्टरबॅकबद्दलचे निर्णय ओळीने मांडले की दुसरंही काही दिसायला लागतं.

२००५ पासून सुरू करू. टीम तळाला, म्हणून ड्राफ्टमध्ये पहिला नंबर. समोर दोन क्वार्टरबॅक. एक युटाचा अ‍ॅलेक्स स्मिथ, दुसरा खाडीपलीकडच्या बर्कलीत शिकणारा अ‍ॅरन रॉजर्स, जो लहानपणापासून याच टीमचा चाहता. टीमने स्मिथला घेतलं. रॉजर्स घसरत घसरत २४व्या नंबरवर ग्रीन बेकडे गेला आणि पुढे चार वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

गोष्ट इथेच थांबवली तर "चुकीचा माणूस निवडला" एवढंच शिकाल. पण स्मिथचं पुढे काय केलं ते बघा. २१ वर्षांचं पोरगं पहिल्याच वर्षी मैदानात ढकललं. त्याला खेळ शिकवणारे कोच जवळजवळ दर हंगामात बदलले. एक शिकवून जातो, दुसरा येऊन म्हणतो ते विसर, आता असं कर. दर सहा महिन्यांनी नवा मॅनेजर आलेल्या दुकानातला पोऱ्या आठवा. आणि रॉजर्स? तो ग्रीन बेमध्ये तीन वर्षं ब्रेट फार्व या जुन्या मुरलेल्या खेळाडूच्या मागे बसून शिकला. तो सॅन फ्रान्सिस्कोत आला असता तर तसाच घडला असता, हे कुणीही छातीठोक सांगू शकत नाही. (गंमत म्हणजे प्लेऑफमध्ये रॉजर्स फोर्टीनायनर्सविरुद्ध चार वेळा खेळला आणि चारही वेळा हरला. नाकारणाऱ्यांवर सूड उगवायचं त्याचं राहूनच गेलं.)

२०११ मध्ये जिम हार्बो मुख्य कोच झाला, स्मिथला एकदाची घडी बसवून मिळाली आणि टीम १३ सामने जिंकली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये स्मिथच्या डोक्याला मार लागला. त्याच्या जागी आलेला कॉलिन केपर्निक इतका भन्नाट खेळला की स्मिथ बरा झाल्यावरही बाकावरच राहिला. फेब्रुवारी २०१३, अंतिम सामना बाल्टिमोरशी. २८-६ असे मागे पडलेले हे लोक शेवटी पाच यार्डांवर येऊन पोचले. तिथून सलग तीन पास, तिन्ही एकाच खेळाडूकडे, तिन्ही फुकट. ३४-३१ ने हरले. स्मिथ असता तर जिंकले असते का? माहीत नाही. केपर्निक नसता तर तिथवर पोचले असते का, हेही माहीत नाही. मला तो निर्णय आजही बरोबर वाटतो. निकाल वाईट लागला म्हणून निर्णय वाईट ठरत नाही, हे धंदा करणाऱ्याने मनावर कोरून घ्यावं. नाहीतर एका दिवाळीत माल पडून राहिला की माणूस पुढच्या दिवाळीला भरायलाच घाबरतो.

त्यानंतर स्मिथला कॅन्सस सिटी चीफ्सला देऊन टाकलं. हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

जो माल बघितलाच नाही

२०१७. टीम परत तळाला. नवा कोच काइल शानाहान, नवा जनरल मॅनेजर जॉन लिंच. ड्राफ्टमध्ये दुसरा नंबर हातात. यांना क्वार्टरबॅक हवाच होता, पण शानाहानच्या मनात कर्क कझिन्स हा वॉशिंग्टनचा ओळखीचा खेळाडू बसला होता. तो पुढच्या वर्षी मोकळा होणार, तेव्हा त्याला घेऊ, असा बेत. त्यामुळे त्या वर्षीच्या कॉलेजच्या क्वार्टरबॅकचा खोलात जाऊन अभ्यासच केला नाही, हे शानाहानने नंतर स्वतः सांगितलंय. नंबर शिकागोशी अदलाबदल केला, तिसऱ्या नंबरवर बचावातला खेळाडू घेतला. दहाव्या नंबरवर कॅन्सस सिटीने पॅट्रिक महोम्सला उचललं.

महोम्स कोण हे माहीत नसेल तर एवढंच सांगतो, पुढे फोर्टीनायनर्स जे दोन अंतिम सामने हरले ते दोन्ही याच माणसाकडून.

आणि कझिन्स? तो आलाच नाही. त्याआधीच, ऑक्टोबर २०१७ मध्ये, न्यू इंग्लंडकडून जिमी गरॉपोलो मिळाला, त्याने सुरुवात केलेले पाचही सामने जिंकून दिले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याच्याशी पाच वर्षांचा १३.७५ कोटी डॉलरचा करार झाला.

बघा, महोम्सला घेतलं नाही ही चूक मी मोठी मानत नाही. दहापर्यंत बाकीच्यांनीही त्याला सोडलंच होतं. मला खटकतं ते हे की बघितलंच नाही. "आपला पुरवठादार ठरलेला आहे" म्हणून बाजारात चक्कर मारायचीच नाही, ही सवय आपल्यातही भरपूर आहे. ठरलेलं असलं तरी भाव काढून यावेत. त्याला पैसे पडत नाहीत.

कॅन्सस सिटीने महोम्सचं काय केलं? पहिलं वर्ष जवळजवळ पूर्ण बाकावर बसवलं. कुणाच्या मागे? अ‍ॅलेक्स स्मिथच्या. ज्याला सॅन फ्रान्सिस्कोत धड शिकवायला कुणी टिकलं नाही, तोच तिकडे शिकवणारा मोठा भाऊ झाला.

फेब्रुवारी २०२०, अंतिम सामना. फोर्टीनायनर्स २०-१० ने पुढे, सात-सव्वासात मिनिटं शिल्लक. चीफ्सना तिसऱ्या प्रयत्नात १५ यार्ड हवे. महोम्सने मागे सरकत ४४ यार्डांचा लांब पास टाकला आणि सामना फिरला. चीफ्स २४-२० असे पुढे गेले. शेवटची पावणेदोन मिनिटं उरली असताना गरॉपोलोला एक मोकळा खेळाडू दिसला, त्याने चेंडू टाकला, आणि तो थोडा लांब पडला. एवढंच. ३१-२० ने हरले.

लगेच पुढच्या महिन्यात टॉम ब्रेडी मोकळा झाला. सहा सुपर बोल जिंकलेला माणूस, वय ४२, जन्म-बालपण सॅन फ्रान्सिस्कोजवळच, लहानपणी याच टीमचा चाहता, यायला तयार. टीमने विचार केला आणि २८ वर्षांच्या गरॉपोलोवरच विश्वास ठेवला. ब्रेडी टॅम्पा बेला गेला आणि त्याच हंगामात सुपर बोल जिंकला, तोही महोम्सला हरवून. ४२ वर्षांच्या खेळाडूवर किती जण पैसे लावतील? मीही लावले नसते. हाही निर्णय त्या क्षणी चुकीचा नव्हता. पण याची रुखरुख पुढच्या निर्णयात उतरली असावी, असं मला वाटतं. हा माझा अंदाज आहे.

एकाच डावावर तीन वर्षं

कारण २०२१ च्या मार्चमध्ये त्यांनी जे केलं ते घाई झालेल्या माणसासारखं होतं. बाराव्या नंबरवरून तिसऱ्यावर सरकण्यासाठी मायामीला त्या वर्षीचा, २०२२ चा आणि २०२३ चा, असे तीन वर्षांचे पहिल्या फेरीचे हक्क दिले. वर तिसऱ्या फेरीतला एक. आणि घेतलं कुणाला? ट्रे लान्स. वय २०. छोट्या गटातल्या कॉलेजकडून जेमतेम १७ सामने सुरुवातीपासून खेळलेला, त्यातला आदल्या वर्षभरात फक्त एक, कारण कोविड.

पोरगं गुणी होतं, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण पैज बघा. ज्याचं काम कुणी फारसं बघितलेलंच नाही, त्याच्यावर पुढच्या तीन वर्षांचं सगळ्यात चांगलं भांडवल.

याच वर्षी शेजारच्या लॉस एंजेलिस रॅम्सनेही मोठी पैज लावली. पहिल्या फेरीचे दोन हक्क, तिसऱ्या फेरीतला एक, शिवाय स्वतःचा क्वार्टरबॅक देऊन त्यांनी डेट्रॉइटचा मॅथ्यू स्टॅफर्ड आणला. स्टॅफर्डने डेट्रॉइटच्या बारा वर्षांत प्लेऑफचा एकही सामना जिंकला नव्हता. पण बारा वर्षांचं काम सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. तो काय करू शकतो, काय नाही, हे माहीत होतं. जानेवारी २०२२ च्या उपांत्य फेरीत हेच रॅम्स समोर आले. फोर्टीनायनर्स शेवटच्या सत्रात १७-७ ने पुढे होते. २०-१७ ने हरले. रॅम्स पुढे सुपर बोल जिंकले.

तुम्ही म्हणाल, कॅन्सस सिटीनेही महोम्ससाठी पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा हक्क दिला होताच की! बरोबर. मोठी पैज लावूच नये असं मी कधीच सांगत नाही. पण त्यांच्याकडे स्मिथच्या हाताखाली जिंकणारी टीम तयार होती. महोम्स फसला असता तरी दुकानाचं शटर रोज उघडलं असतं. मी नवीन मंडळींना प्रत्येक मोठ्या खर्चाआधी हाच प्रश्न विचारायला लावतो. हे पैसे पूर्ण बुडाले तर उरलेल्या धंद्यावर किती महिने निघतील? मशीन, गाळा, ब्रँडची एजन्सी, जास्त पगाराचा माणूस, काहीही असो.

लान्सचं पुढे असं झालं. पहिलं वर्ष गरॉपोलोच्या मागे बसला, म्हणजे महोम्ससारखंच. तेव्हा नुसतं बाकावर बसवणं हा काही हमखास उपाय नाही, हेही खरं. दुसऱ्या वर्षी पहिला क्वार्टरबॅक झाला आणि दुसऱ्याच सामन्यात घोट्याचं हाड मोडलं. फोर्टीनायनर्ससाठी त्याने एकूण चार सामने सुरू केले. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याला डॅलसला चौथ्या फेरीच्या एका हक्काच्या बदल्यात देऊन टाकलं. योगायोग असा की जो बारावा नंबर फोर्टीनायनर्सनी सोडला तो हातोहात फिरत डॅलसकडेच गेला होता, आणि त्यावर त्यांनी मायका पार्सन्स घेतला, लीगमधल्या सगळ्यात धडकी भरवणाऱ्या बचावपटूंपैकी एक.

मात्र इथे लिंच आणि शानाहान यांना शंभरपैकी शंभर गुण. तीन वर्षांचं भांडवल घातलंय म्हणून लान्सलाच खेळवत बसले नाहीत. चूक झाली म्हणाले, माणूस सोडला, पुढे गेले. आपल्याकडे लोक लाखाची मशीन बंद पडली तरी "पैसे घातलेत" म्हणून चार वर्षं दुरुस्त करत बसतात.

मागच्या रांगेतला

त्यांना हे परवडलं, कारण एक माणूस अनपेक्षितपणे हाती लागला होता. २०२२ चा ड्राफ्ट. निवडले गेलेले एकूण खेळाडू २६२. शेवटचा, २६२वा, ब्रॉक पर्डी. शेवटच्या माणसाला तिकडे गमतीने "मिस्टर इर्रेलेव्हंट" म्हणतात, म्हणजे असला काय, नसला काय. आयोवा स्टेटकडून तो चार वर्षं खेळलेला. उंची बेताची, हाताला जोर बेताचा, पण काम भरपूर केलेलं.

याला दूरदृष्टी म्हणू नका. फोर्टीनायनर्सनी स्वतः त्याच ड्राफ्टमध्ये त्याच्याआधी आठ जण निवडले होते! त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांचं शहाणपण दुसरीकडे आहे. लान्स पहिला, तरी ऐनवेळी गरॉपोलोचा पगार कमी करून त्याला थांबवून घेतलं आणि तिसरा म्हणून पर्डीलाही ठेवलं. लान्स सप्टेंबरात मोडला, गरॉपोलो उभा राहिला. डिसेंबरात गरॉपोलोचा पाय मोडला, पर्डी उभा राहिला आणि एकामागून एक सामने जिंकत सुटला.

मग जानेवारी २०२३, फिलाडेल्फिया, उपांत्य सामना. सुरुवातीलाच पर्डीच्या कोपराचा स्नायुबंध फाटला. चौथा माणूस आला, ३६ वर्षांचा जॉश जॉन्सन, डझनाहून जास्त टीम फिरलेला. त्याच्याही डोक्याला मार लागला. पर्डी परत मैदानात आला तो चेंडू फेकताच येत नसलेल्या हाताने. क्वार्टरबॅकच नसलेली टीम उपांत्य सामना खेळत होती. ३१-७. त्यानंतर लीगने नियमच केला की आणीबाणीसाठी तिसरा क्वार्टरबॅक तयार ठेवता येईल.

हे वाचताना मला माझंच दुकान आठवतं. माझं भांड्यांचं दुकान. सुरुवातीला मी एक अनुभवी सेल्समन आणला, चांगला पगार दिला, आणि तो पगार बसवायला दोन पोरं कमी केली. माणूस खरंच हुशार. स्टीलचे, पितळेचे सगळे भाव तोंडपाठ. ऐन लग्नसराईत तो टायफॉइडने तीन आठवडे घरी. रुखवताची गिऱ्हाइकं समोर उभी आणि कुठल्या सेटवर किती सोडायचं हे मला मालक असून माहीत नाही. सगळं त्याच्या डोक्यात. चूक त्याची नव्हती, माझी होती. त्यानंतर भावाची वही आली आणि काउंटरवर कायम दोन माणसं. दुसऱ्याचा पगार जड वाटतो, मला अजूनही वाटतो, पण वही मात्र फुकटात होते.

आता पर्डीच्या पगाराचा हिशोब बघा, यात खरी मजा आहे. २०२३ साली त्याचा पगार सुमारे ८.७ लाख डॉलर. टीमची मर्यादा २२.४८ कोटी. म्हणजे पगारावर खर्च होऊ शकणाऱ्या दर शंभर रुपयांतले चाळीस पैसेसुद्धा मुख्य माणसावर जात नव्हते. उरलेल्यात बाकीची टीम तगडी भरता आली आणि ते परत अंतिम सामन्यात पोचले. ११ फेब्रुवारी २०२४, लास व्हेगस, समोर पुन्हा महोम्स. बरोबरी झाली, जादा वेळ. नियम बदलला होता, आता दोन्ही टीमना चेंडू मिळणार होता. फोर्टीनायनर्सनी आधी चेंडू घेतला, तीन गुण केले. चीफ्सना आता नेमकं काय करायचं ते दिसत होतं, त्यांनी टचडाउन केला. २५-२२. सामन्यानंतर फोर्टीनायनर्सचे काही खेळाडू म्हणाले की बदललेला नियम आम्हाला माहीतच नव्हता. चीफ्सने त्याची आधीपासून तयारी केलेली. (जीएसटीचा बदल सीएच्या फोनवरून कळणाऱ्यांनी इथे दोन मिनिटं थांबावं.)

स्वस्तातला माणूस कायम स्वस्त राहत नाही. मे २०२५ मध्ये पर्डीशी पाच वर्षांचा २६.५ कोटी डॉलरचा करार झाला. वर्षाला सरासरी ५.३ कोटी, आणि त्या वर्षीची टीमची मर्यादा २७.९२ कोटी. चाळीस पैशांवरून थेट एकोणीस रुपये. अर्थात हा आकडा वर्षांवर पुढे-मागे पसरवतात, पण द्यावा तर लागतोच. हा करार होणार हे दिसत होतं, त्यामुळे आधीच्या दोन-तीन महिन्यांतच डीबो सॅम्युअलला वॉशिंग्टनला दिलं, आणि हुफांगा, ग्रीनलॉ, वॉर्ड असे बचावातले मोठे खेळाडू दुसऱ्या टीमकडे गेले.

त्याच मार्चमध्ये त्यांनी आणखी एक छोटी खरेदी केली. मॅक जोन्स. २०२१ मध्ये लान्सला घ्यायच्या आधी ज्याच्या नावाची चर्चा होती तोच, दोन टीमनी सोडलेला, दुसरा माणूस म्हणून. २०२५ चा हंगाम सुरू झाला, पहिल्याच सामन्यात पर्डीच्या पायाच्या अंगठ्याला दुखापत झाली, आणि पुढच्या रविवारी जोन्स मैदानात उतरून सामना जिंकून आला.